जपानमध्ये घडणारे हॉलिवूडपट : चेहऱ्यांचा वाद आणि भाषेचा प्रश्न

कोनाडा :

'मेमॉयर्स ऑफ अ गेशा' हा २००५ सालचा चित्रपट परवा पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्यावरून उठलेला वाद ताजा होता. क्योतोच्या गेशांची, म्हणजे नाच-गाणे आणि संभाषणाने पाहुण्यांचे मनोरंजन करणाऱ्या कलावंतिणींची, गोष्ट सांगायची आणि तीन प्रमुख स्त्रीभूमिकांत एकही जपानी अभिनेत्री घ्यायची नाही, हे कसे, असा तो वाद होता. सायुरी झालेली झांग झीयी आणि हात्सुमोमो झालेली गाँग ली या दोघी चीनच्या, तर मामेहाची भूमिका करणारी मिशेल यो मलेशियातील चिनी कुटुंबातली. जपानमध्ये नाराजी होतीच, पण चीनमध्ये ती अधिक तीव्र होती, कारण जपानने युद्धकाळात केलेल्या अत्याचारांच्या जखमा तिथे अजून ओल्या आहेत आणि आपल्या लाडक्या नट्यांनी किमोनो नेसून जपानी पुरुषांची मर्जी राखावी, हे अनेकांना रुचले नाही. २००६ च्या आरंभी चीनमधले त्याचे प्रदर्शन रद्दच झाले. भूमिकेला जो शोभेल तो कलाकार आपण निवडला, असे दिग्दर्शक रॉब मार्शल यांचे म्हणणे होते.

या खेपेस मात्र मला चेहऱ्यांचे फारसे काही वाटले नाही. खटकली ती भाषा. चित्रपटातली सगळी माणसे एकमेकांशी इंग्रजीत बोलतात आणि मधूनच एखादा जपानी शब्द कोशिंबिरीत डाळिंबाचे दाणे टाकावेत तसा टाकतात. प्रत्येकाच्या इंग्रजीला त्याच्या त्याच्या मातृभाषेचा हेल आहे. झांग झीयीचा हेल वेगळा, केन वातानाबे यांचा वेगळा, मिशेल यो यांचा तर अगदीच निराळा. म्हणजे पात्र कुठले आहे ते त्या हेलातून कळत नाही, नट कुठला आहे ते कळते.

आणि ही गोष्ट तर मुळात एका कोळ्याच्या मुलीला घडवून तिची गेशा कशी केली जाते, याची आहे. क्योतोत गेशाला 'गेइको' म्हणतात, आभार मानताना 'आरिगातो'ऐवजी 'ओओकिनी' म्हणतात आणि क्रियापदाला 'हारु' हा मऊ आदरार्थी प्रत्यय लावतात. बाहेरगावाहून आलेल्या मुलीला नाच, गाणे, चहा यांच्याबरोबर ही बोलीही शिकावी लागते. गावची बोली पुसून टाकणे हा त्या शिक्षणाचाच एक भाग आहे. चित्रपटात किमोनो बदलतात, केशरचना बदलते, मुलीची बाई होते, पण बोलणे पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच राहते. तिचे घडणे आपल्याला डोळ्यांनी दिसते, कानांवर पडत नाही.

याच्या उलट टोकाचा चित्रपट त्यानंतर वर्षभरातच आला. क्लिंट ईस्टवूड यांचा 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा' (२००६) हा दुसऱ्या महायुद्धातल्या इवो जिमा बेटावरच्या लढाईचा चित्रपट जवळजवळ पूर्ण जपानी भाषेत आहे. दिग्दर्शकाला जपानी येत नव्हते आणि आयरिस यामाशिता यांनी पटकथा लिहिली तीही इंग्रजीत. ती नंतर जपानीत नेली गेली. त्यातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. घोडेस्वारीत १९३२ चे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेला बॅरन निशी एका जखमी अमेरिकन सैनिकाशी इंग्रजीत बोलतो. तो सैनिक मरतो, आणि त्याच्या हातातले आईचे पत्र निशी आपल्या माणसांसमोर वाचू लागतो. पत्र इंग्रजीत आहे, वाचता वाचता तो जपानी करत जातो. घरच्या कुत्र्यांसारख्या साध्या गोष्टींनी भरलेले ते पत्र ऐकता ऐकता गुहेतले सैनिक एकेक करून उठून उभे राहतात. हा चित्रपट इंग्रजीत केला असता तर हा प्रसंगच उरला नसता, कारण भाषांतर करण्याजोगे काही राहिलेच नसते.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपण पात्रनिवडीवर वाद घालत बसतो, पण ती निवड पुष्कळदा आधीच झालेली असते, कारण त्याआधी कुणीतरी भाषा निवडलेली असते. चित्रपट जपानीत करायचा ठरला की निर्मात्याला जपानी बोलणारे नट शोधावेच लागतात. इंग्रजीत करायचा ठरला की इंग्रजी चित्रपटांत नाव असलेले नट शोधले जातात, आणि मग ते चीनचे आहेत की मलेशियाचे, हा हिशेब दुय्यम ठरतो. इतरांचे काय मत आहे, ते वाचायला आवडेल.

पटकथावेडी :

मुद्दा मान्य आहे, पण त्यात पैशाचा उल्लेख नाही, आणि पैशाशिवाय हॉलिवूडचा एकही निर्णय समजत नाही. 'गेशा'चा खर्च सुमारे साडेआठ कोटी डॉलर होता, तर 'लेटर्स'चा दोन कोटींच्याही आत. साडेआठ कोटी गुंतवणारा स्टुडिओ अमेरिकन प्रेक्षकाला अडीच तास सबटायटल्स वाचायला लावत नाही. 'लेटर्स'ही अमेरिकेत फारसा चालला नाही. त्याच्या कमाईचा मोठा वाटा जपानमधून आला. ईस्टवूड यांच्या नावामुळे आणि 'फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स' हा त्याचा जोडचित्रपट इंग्रजीत असल्यामुळे हा प्रयोग निभावला. गंमत अशी की अमेरिकन स्टुडिओने काढलेल्या या अमेरिकन दिग्दर्शकाच्या चित्रपटाला गोल्डन ग्लोब मिळाले ते परभाषिक चित्रपट म्हणून.

हा प्रश्न नवाही नाही. 'द टीहाऊस ऑफ द ऑगस्ट मून' (१९५६) मध्ये मार्लन ब्रँडो ओकिनावाचा दुभाषी झाला आहे, डोळ्यांना रंगभूषा करून आणि मोडके इंग्रजी बोलत. त्याच चित्रपटात माचिको क्यो ही खरीखुरी जपानी अभिनेत्री आहे आणि तिच्या वाट्याला जवळजवळ सगळे बोलणे जपानीत आले आहे. म्हणजे खरे जपानी बोलणारी बाई आणि खोटा जपानी झालेला पुरुष एकाच चौकटीत उभे आहेत. पुढच्याच वर्षी 'सायोनारा' आला. त्यात मियोशी उमेकी हिला सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, आणि त्याच चित्रपटात काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातल्या नटाच्या भूमिकेत रिकार्दो मोंतालबान हा मूळचा मेक्सिकोचा नट होता. एका हाताने दार उघडायचे आणि दुसऱ्या हाताने ओढून घ्यायचे, असा तो काळ होता.

तरीही १९७० च्या 'टोरा! टोरा! टोरा!'ची आठवण ठेवायला हवी. पर्ल हार्बरवरील हल्ल्याची जपानी बाजू त्यात जपानी नटांनी जपानी भाषेतच मांडली आहे. तो भाग आधी जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा करणार होते. त्यांना दूर केल्यावर तोशिओ मासुदा आणि किंजी फुकासाकू यांनी तो पुरा केला. म्हणजे काय करायला हवे हे हॉलिवूडला पन्नास वर्षांपूर्वीच ठाऊक होते. त्यामुळे 'गेशा'च्या वेळी ते माहीत नव्हते, असे कुणी म्हणू नये.

खवचट :

'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' (१९६७) राहिला. त्यात जेम्स बाँडला जपानी कोळी बनवण्यासाठी केसांचा टोप, भुवया आणि थोडा रंग एवढे पुरेसे ठरले. उंचीकडे कुणीही पाहिले नाही. आणि जपानी गुप्तहेरप्रमुखाच्या भूमिकेत तेत्सुरो तांबा हा जपानी नट घेतला खरा, पण आवाज दुसऱ्याचा वापरला. चेहरा जपानी, आवाज उसना. कोनाडा यांच्या सिद्धान्ताला याहून नेटके उदाहरण मिळायचे नाही.

निशिकासाईकर :

गेली अकरा वर्षे तोक्योत आहे आणि नोकरीमुळे दिवसभर जपानी बोलावे लागते, म्हणून थोडे लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे जपानमधल्या प्रेक्षकाला पात्रनिवडीचा राग येतो तो आपल्याला वाटतो त्या ठिकाणी येतोच असे नाही. 'घोस्ट इन द शेल' (२०१७) मध्ये स्कार्लेट जोहान्सनला घेतल्यावरून अमेरिकेतले आशियाई वंशाचे लोक भडकले, आणि ते योग्यच होते, कारण त्यांना तिथे भूमिका मिळत नाहीत. पण मूळ जपानी ॲनिमेशनपटाचे दिग्दर्शक मामोरू ओशी यांना तिच्या निवडीत काही गैर वाटले नाही आणि त्यांनी ते उघडपणे सांगितले. जपानी नटाला जपानमध्ये काम मिळतेच, त्यामुळे इथल्या माणसाला ती भूक कळत नाही. मला त्या चित्रपटात वेगळेच काही विचित्र वाटले. ताकेशी किटानो त्यात सगळे संवाद जपानीत बोलतात आणि बाकीचे त्यांना इंग्रजीत उत्तरे देतात. कुणी कुणाला 'काय म्हणालात?' असे विचारत नाही. भविष्यकाळातली गोष्ट असल्यामुळे ते खपते, इतकेच.

दुसरी गोष्ट कानाची. 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मध्ये (२०००) नट-नट्या चिनी वंशाच्या होत्या आणि भाषाही मँडरिन होती, तरी चिनी प्रेक्षक कुरकुरलेच, कारण चाऊ युन-फॅट आणि मिशेल यो यांची मँडरिन त्यांना परकी वाटली. पाश्चात्त्य प्रेक्षकाला त्याचा पत्ताही लागला नाही. म्हणजे वंश जुळला तरी काम भागते असे नाही. अमेरिकन चित्रपटांत 'जपानी' पात्रे जे जपानी बोलतात ते कित्येकदा पाठ केलेले असते आणि दुसऱ्याच शब्दाला इथला माणूस गालात हसतो.

तिसरी गोष्ट खास मराठी माणसाची आहे. जपानी वाक्याची बांधणी आपल्यासारखी आहे : कर्ता आधी, क्रियापद शेवटी, आणि नकार तर सगळ्यांत शेवटी. 'उद्या पहाटे मी तुमच्याबरोबर त्या किल्ल्यावर येणार' इथपर्यंत होकार असतो आणि 'नाही' म्हटल्यावर सगळे उलटते. जपानीत हेच घडते. चांगला जपानी नट त्या शेवटच्या अक्षरांपर्यंत समोरच्याला टांगून ठेवतो. इंग्रजी सबटायटलमध्ये नकार कर्त्याच्या पाठोपाठच येतो, त्यामुळे पडद्यावरचा माणूस अजून अर्ध्यावर असताना प्रेक्षकाने उत्तर वाचलेले असते. मराठी सबटायटल्स लावली तर हा तोटा होणार नाही. वाक्याच्या अखेरीस येणारा जपानी 'ने' तर आपल्या 'ना'चा सख्खा भाऊ वाटतो, आणि इंग्रजीत तो दर वेळी गळून पडतो.

कोनाडा :

नकाराचा मुद्दा माझ्या कधीच लक्षात आला नव्हता. आता 'लेटर्स' परत पाहावा लागणार.

'लॉस्ट इन ट्रान्सलेशन'विषयी (२००३) कुणी काही लिहिले नाही, म्हणून विचारतो. व्हिस्कीच्या जाहिरातीच्या चित्रीकरणाच्या प्रसंगात जपानी दिग्दर्शक हातवारे करत लांबलचक बोलतो आणि दुभाषी बाई इंग्रजीत त्याचे एक वाक्य करून सांगते. बिल मरेचे पात्र विचारते, एवढेच म्हणाले का ते? इथे सबटायटल मुद्दाम दिलेले नाही. जपानी येणाऱ्या माणसाला हा प्रसंग कसा वाटतो?

निशिकासाईकर :

सुरुवातीला विनोदी वाटतो, पण पुढे थोडे वाईटही वाटते. तो दिग्दर्शक काही वेडेवाकडे बोलत नाही. जुन्या मित्राला भेटल्यासारखे, सावकाश, डोळ्यांत ओलावा आणून बोला, असे तो सांगतो आहे. नटाला उपयोगी पडेल असेच ते आहे. बाईंनी ते सगळे गाळले. ज्याला जपानी येत नाही त्याला दिग्दर्शक हास्यास्पद वाटतो, आणि ज्याला येते त्याला तो एकटा पडलेला दिसतो. सोफिया कोपोला यांनी सबटायटल न देता प्रेक्षकाला पाहुण्याच्या बाजूला बसवले आहे. चित्रपट त्या पाहुण्याच्याच एकटेपणाविषयी असल्यामुळे ती निवड चुकली असे मी म्हणणार नाही, पण तिची किंमत यजमानाने चुकवली आहे, हेही खरे.

खवचट :

'आइल ऑफ डॉग्ज' (२०१८) या ॲनिमेशनपटात तर सुरुवातीलाच पाटी दाखवून सांगितले आहे, की माणसे आपापल्या भाषेत बोलतील आणि कुत्र्यांच्या भुंकण्याचे तेवढे इंग्रजी केले आहे. म्हणजे जपानमध्ये राहून जपान्यांचे बोलणे कळणार नाही, कुत्र्यांचे मात्र कळेल. सहकथाकार कुनिची नोमुरा हा जपानी माणूसच होता आणि महापौराचा आवाजही त्याचाच होता, हे न्यायाने सांगायला हवे.

आगाशीकर :

मी वसई तालुक्यातला असल्यामुळे या विषयाकडे थोड्या वेगळ्या वाटेने आलो. आमच्याकडचा गोन्सालो गार्सिया हा सोळाव्या शतकात जपानमध्ये होता. वसईत जन्मलेला हा माणूस उत्तम जपानी बोलत असे आणि जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेलेल्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा तो दुभाषी होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवले त्यांत तोही होता. वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे. त्यामुळे मार्टिन स्कोर्सेसी यांचा 'सायलेन्स' (२०१६) लागला तेव्हा आम्ही पाचसहा जण मुद्दाम मुंबईला जाऊन तो पाहून आलो.

शुसाकू एंदो यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट तैवानमध्ये चित्रित झाला. जपानी भूमिकांत सगळे जपानी नट आहेत आणि इस्से ओगाता यांनी रंगवलेला, ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा अधिकारी इनोउए तर विसरता येत नाही. पात्रनिवडीबद्दल बोट ठेवायला जागा नाही. पण भाषेचा गोंधळ आहेच. पोर्तुगीज धर्मगुरू इंग्रजी बोलतात, म्हणजे ते पोर्तुगीज समजायचे; इथवर ठीक. पण मग खेड्यातले गरीब शेतकरी आणि कोळीही त्यांच्याशी मोडक्या इंग्रजीत बोलतात. हे पोर्तुगीज त्यांना कुणी शिकवले? इतिहासात उलटे होते. पाद्री जपानी शिकले आणि १६०३ साली नागासाकीला त्यांनी बत्तीस हजारांवर शब्दांचा जपानी-पोर्तुगीज कोश छापला. चित्रपटातला दुभाषी, म्हणजे तादानोबू आसानो, एका जुन्या पाद्र्याबद्दल कडवटपणे सांगतो, की त्याने आम्हाला शिकवले पण स्वतः काही शिकला नाही, आमची भाषाही त्याला तुच्छ वाटे. ही तक्रार तो इंग्रजीत करतो! चित्रपटगृहात त्या वेळी मला मोठ्याने हसू आले आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिले.

याहून मोठी गंमत धर्म सोडलेल्या फेरेरा या पोर्तुगीज पाद्र्याच्या तोंडी आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरले, तेव्हा त्यांच्याबरोबर आंजिरो नावाचा जपानी दुभाषी होता. त्याचे धर्मशिक्षण आमच्या शेजारी गोव्यातच झालेले. देव या शब्दासाठी त्यांनी 'दाइनिची' हा शब्द घेतला. दाइनिची, शब्दशः 'महासूर्य', म्हणजे बौद्धांचा महावैरोचन बुद्ध. भिक्षूंना वाटले, हे आपलेच कुणीतरी आहेत. चूक कळल्यावर झेवियर यांनी सरळ 'देउस' हा लॅटिन शब्द वापरायला सुरुवात केली. चित्रपटात फेरेरा हाच इतिहास सांगत सूर्याकडे बोट दाखवतो आणि देवाचा 'सन' व आकाशातला 'सन' यांच्यावर कोटी करतो. ही कोटी फक्त इंग्रजीत होते. पोर्तुगीजमध्ये मुलगा 'फिल्यू' आणि सूर्य 'सोल'. दोन पोर्तुगीज माणसे जपानमध्ये बसून भाषांतरातल्या फसगतीविषयी बोलत आहेत आणि बोलत आहेत ती भाषा त्या दोघांचीही नाही.

कोनाडा :

आगाशीकर, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेचा आहे. फेरेराची कोटी मी ऐकली होती, पण ती कुठल्या भाषेत चालली आहे, याचा विचार केला नव्हता. 'देउस'वरून 'शोगुन'कडे येतो, कारण तीही गोष्ट पोर्तुगीजांची आणि दुभाषांचीच आहे.

'शोगुन' ही कादंबरी दोनदा मालिकारूपात आली. १९८० च्या मालिकेत तोशिरो मिफुने होते, चित्रीकरण जपानमध्ये झाले, आणि जपानी संवादांना बहुतेक ठिकाणी सबटायटल नव्हतेच. ऑर्सन वेल्स यांच्या निवेदनातून कळेल तेवढे कळेल. म्हणजे इंग्रज खलाशी ब्लॅकथॉर्नला जेवढे समजते तेवढेच प्रेक्षकालाही समजते. २०२४ ची मालिका कॅनडात चित्रित झाली आणि तिच्यातले सुमारे ७० टक्के संवाद जपानीत, सबटायटल्ससह आहेत. परिणाम असा, की आता आपल्याला ब्लॅकथॉर्नपेक्षा जास्त कळते. शत्रुपक्षाचा पोर्तुगीज पाद्री त्याचे बोलणे कसे फिरवून सांगतो, त्याची दुभाषी मारिको त्याच्या उद्धट वाक्याची धार बोथट करून ते सरदार तोरानागापुढे कसे ठेवते, हे सगळे दोन्ही बाजूंनी ऐकू येते. दुभाषी हे पात्र या मालिकेत नायकाच्या तोडीचे झाले आहे. तिला १८ एमी पुरस्कार मिळाले, आणि हिरोयुकी सानादा व आना सावाई या दोघांनाही अभिनयासाठी मिळाले. सानादा तिचे निर्मातेही होते. 'द लास्ट सामुराई'मध्ये (२००३) हेच सानादा टॉम क्रूझच्या मागे उभे होते, आणि डोंगरातला बंडखोर सरदार कात्सुमोतो अस्खलित इंग्रजी बोलत होता.

पटकथावेडी :

कात्सुमोतोच्या इंग्रजीला निदान निमित्त तरी दिले आहे. शत्रूला जाणून घेण्यासाठी त्याला इंग्रजीत संभाषण करायचे असते. गावातली ताका मात्र इंग्रजी बोलत नाही आणि आल्ग्रेनला, म्हणजे टॉम क्रूझच्या पात्राला, तिच्यासाठी जपानी शिकावे लागते. त्या चित्रपटातले माझे आवडते प्रसंग तेच आहेत.

'शोगुन'च्या लेखनाची पद्धत मला महत्त्वाची वाटते. संवाद आधी इंग्रजीत लिहिले गेले, मग त्यांचे जपानी झाले, मग जपानी नाटककाराच्या हातून ते ऐतिहासिक नाट्याच्या, म्हणजे जिदाइगेकीच्या, जुन्या वळणात बसवले गेले, आणि शेवटी नट जे बोलले त्यावरून पुन्हा इंग्रजी सबटायटल्स घडवली गेली. इतके हेलपाटे घालायला वेळ लागतो आणि पैसाही. मी वर पैशाचा मुद्दा मांडला होता. तो इथे माझ्याच विरोधात जातो, हे कबूल करते. पैसा होता, आणि तो भाषेवर खर्च करायचे ठरवले गेले. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी आलेल्या 'बुलेट ट्रेन'मध्ये (२०२२) पैसा कमी नव्हता. कोतारो इसाका यांची जपानी कादंबरी होती, शिंकानसेनची गाडी होती, आणि डब्यात बहुतेक सगळे प्रवासी इंग्रजी बोलणारे.

निशिकासाईकर :

त्या जुन्या वळणाबद्दल एक अनुभव सांगतो. 'शोगुन' लागली तेव्हा माझ्या कार्यालयातला एक तरुण सहकारी दर आठवड्याला जेवणाच्या सुट्टीत तिच्यावर बोलायचा. तिसऱ्या भागानंतर मी त्याला विचारले, की दरबारातली काही वाक्ये मला दोनदा ऐकूनही नीट कळत नाहीत, माझे जपानी अजून कच्चे आहे का? त्याने डबा बाजूला सारला, आजूबाजूला पाहिले आणि हळूच सांगितले, की घरी तोही जपानी सबटायटल्स लावूनच पाहतो.